सुई भरण्याआधी : नव्या पशुवैद्यकांना खुलं पत्र

नव्यानं या कामात उतरलेल्या पशुवैद्यक मित्रमैत्रिणींनो,

गोठ्यात पाऊल टाकलं की मालकाची नजर आधी तुमच्या पिशवीवर जाते. जनावर तीन दिवस खात नाही, दूध आटलंय, घरातलं कुणीतरी दाव्यापाशी बसून आहे. आता डॉक्टर आले म्हणजे सुई टोचली जाणार, अशी त्याची खात्री असते. तुम्ही आल्या आल्या टोचलंत तर तो निर्धास्त होतो. थर्मामीटर लावून, कुशीवर मूठ दाबून, घड्याळाकडे बघत गप्प उभे राहिलात तर त्याला वाटतं, यांना काही कळलेलं दिसत नाही. हे पत्र त्या गप्प उभं राहण्याच्या दहा मिनिटांबद्दल आहे. ती दहा मिनिटं सोडू नका, एवढीच विनंती करायची आहे, आणि ती का, हे सविस्तर सांगायचं आहे.

आपल्या पेशात एक तिकडी रूढ झाली आहे. जनावर तापलं की एक प्रतिजैविक, एक वेदनाशामक आणि एक जीवनसत्त्वांचं इंजेक्शन. रोग कुठलाही असो, तिकडी तीच. ती टिकून आहे, कारण ती पुष्कळदा लागू पडल्यासारखी दिसते. तिव्याचंच बघा. चिलटं आणि डासांमार्फत पसरणारा हा विषाणूचा ताप. जनावर एकाएकी आखडतं, आज या पायानं लंगडतं, उद्या त्या पायानं, आणि बहुतेक जनावरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपली आपण उठून वैरणीला तोंड लावतात. वेदनाशामकानं त्यांना आराम पडतो हे खरं, पण दुसऱ्या दिवशी टोचलेल्या प्रतिजैविकाचा त्यात काही हात नसतो. तरी मालकाच्या आणि हळूहळू आपल्याही मनात नाव त्याचंच राहतं. मग पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गोठ्यातल्या, गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियानं फणफणलेल्या वासराला तीच तिकडी मिळते. थायलेरिया तिव्यासारखा आपोआप ओसरत नाही. औषधाची वेळ निघून जाते आणि वासरू जातं.

मी हे दुसऱ्यांच्या चुका दाखवायला लिहीत नाही. माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट आहे. संध्याकाळी निरोप आला की गाय परवा व्याली आणि आज उठत नाही. जाऊन बघतो तर मान कुशीकडे वळवून बसलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. पुस्तकात वाचलेलं दुग्धज्वराचं, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरल्याचं, चित्र जसंच्या तसं समोर होतं. मी कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली आणि काळोख पडत होता म्हणून जरा घाईनंच सोडली. निम्मी संपायच्या आत गायीनं मान टाकली. मालक काही बोलला नाही. त्याच्या मुलीनं वासराला ओढत बाजूला नेलं. सामान आवरताना माझा हात कासेला लागला आणि मागचा एक सड पिळून बघितला. दुधाऐवजी पिवळसर पाणी आलं, त्यात बारीक कण्या. कोलिफॉर्म जिवाणूंचा कासदाह होता तो. त्याच्या विषानं गाय खाली बसली होती, आणि त्या विषानं आधीच डळमळलेल्या हृदयात मी भराभर कॅल्शियम ओतलं होतं.

चार सड पिळून बघायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ती मी दिली नव्हती.

व्यालेली गाय किंवा म्हैस उठत नसेल तर डोक्यात एकच नाव येऊ देऊ नका. दुग्धज्वर असेल, विषारी कासदाह असेल, गर्भाशयात पू झाला असेल. वासरू मोठं होतं आणि ओढाओढ झाली असेल तर मागच्या पायांच्या नसा दबल्या असतील. घसरून खुब्याचा सांधा निखळला असेल. मॅग्नेशियम घसरलं असेल तर जनावर मलूल दिसण्याऐवजी थरथरतं, दचकतं, आचके देतं. यातल्या प्रत्येकाला वेगळा उपाय आहे आणि प्रत्येकाची खूण हातानं, डोळ्यानं, नाकानं सापडते.

दुग्धज्वराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इतकं समाधान देणारा दुसरा रोग आपल्या कामात नाही. नावात ज्वर आहे पण अंगात ताप नसतो, उलट शरीर गार पडत जातं. व्यायल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेक वेळा होतो, तिसऱ्या वेताच्या पुढच्या दुभत्या गायींना जास्त. चिकासाठी रक्तातलं कॅल्शियम कासेकडे धावतं आणि हाडांतून, आतड्यातून तितक्या वेगानं भरून निघत नाही. दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम असणारं कॅल्शियम ५.५ च्या खाली गेलं की स्नायू सुटतात. सुरुवातीला गाय अडखळते, कान-डोकं हलवते. मग बसते आणि मान कुशीवर टाकते. शेवटी आडवी होते, पोट फुगायला लागतं, नाडी सापडेनाशी होते. बाटली अंगाच्या उष्णतेइतकी कोमट करा. दहा-पंधरा मिनिटं तरी लागली पाहिजेत इतक्या सावकाश सोडा आणि सगळा वेळ स्टेथोस्कोप हृदयावर ठेवा. ठोका चुकला की नळी दाबायची, नीट झाला की पुन्हा सुरू करायची. निदान बरोबर असेल तर डोळ्यांदेखत कातडी थरथरते, ढेकर येतो, गाय शेण टाकते, मुतते, आणि पुष्कळदा तुम्ही नळी गुंडाळत असतानाच पुढचे गुडघे टेकून उठायला बघते.

या रोगाचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८९७ मध्ये डेन्मार्कमधल्या श्मिट नावाच्या पशुवैद्यकानं कासेत विष तयार होतं असं मानून सडांतून पोटॅशियम आयोडाइडचं पाणी भरलं, आणि गायी उठायला लागल्या. पुढे ध्यानात आलं की नुसती हवा भरली तरी गायी उठतात, कारण भरलेल्या कासेच्या दाबानं दूध उतरणं थांबतं आणि कॅल्शियमची गळती थांबते. कॅल्शियमच्या कमतरतेची खरी उकल स्कॉटलंडमधल्या ड्रायर आणि ग्रेग यांनी १९२५ मध्ये मांडली. उपाय हाती असूनही खरं कारण शोधत राहिलेल्या त्या लोकांमुळेच आज आपल्याकडे ती बाटली आहे. म्हणून गाय उठली की काम संपलं असं मला वाटत नाही. का उठली, हे कळलं पाहिजे.

थर्मामीटर. प्रत्येक जनावराला, प्रत्येक भेटीत, इंजेक्शनच्या आधी. मोठ्या गायीचं तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास, अंशभर इकडेतिकडे. शेळी-मेंढीचं त्याहून जास्त, १०२ ते १०३.५. तळपत्या उन्हातून आणलेल्या किंवा पळवलेल्या जनावराचं दीड-दोन अंश सहज चढलेलं असतं, त्याला सावलीत उभं करून पुन्हा मोजा. वेदनाशामक आधीच कुणी दिलं असेल तर आकडा फसवतो, म्हणून मालकाला खोदून विचारा की काल कुणी काय टोचलं. लोक हे सांगायला बिचकतात. रागावलात तर पुढच्या वेळी नक्की लपवतील.

आता तापाचं एक उदाहरण नीट मांडतो, कारण तिकडीचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. गोचिडांमुळे होणारे तीन रोग घ्या: थायलेरिया, बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा. तिन्हींत ताप, तिन्हींत जनावर फिकट पडतं, तिन्हींत अंगावर गोचीड. औषधं मात्र तीन तऱ्हेची. थायलेरियाला ब्युपारव्हाक्वोन, बबेसियाला डिमिनाझिन किंवा इमिडोकार्ब, ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा इमिडोकार्ब. नुसत्या ऑक्सिटेट्रासायक्लिनवर विसंबलात तर तिघांपैकी एकालाच नीट उपचार मिळाला.

तिघांना वेगळं कसं करायचं? थायलेरियात खांद्यापुढची आणि मांडीपुढची लसीका गाठ सुजते, हाताला लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी लागते. ताप १०५-१०६ वर जातो. बबेसियात लघवी कॉफीसारखी लाल होते, कारण रक्तपेशी शिरांतच फुटतात. ॲनाप्लाझ्मात पेशी फुटत नाहीत, त्या प्लीहेत खाल्ल्या जातात, म्हणून लघवी लाल होत नाही, डोळे मात्र पिवळे पडतात. आणि या सगळ्यावर शिक्का मारणारी गोष्ट म्हणजे काचपट्टी. कानाच्या शिरेतला एक थेंब, पातळ पसरलेला, हवेत वाळवलेला, मिथेनॉलमध्ये बुडवलेला आणि गीम्सा रंगात रंगवलेला. सूक्ष्मदर्शक जवळ नसेल तर पट्टी वाळवून कागदात गुंडाळून प्रयोगशाळेला पाठवा, पण ती औषध देण्याआधी घ्या. औषधानंतर घेतलेल्या पट्टीत परोपजीवी सापडला नाही, तर तो नव्हता की मेला, हे कुणीच सांगू शकत नाही. गोचीड रोग पसरवतात हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांच्या टेक्सास तापावर, म्हणजे बबेसियावरच, काम करून १८९३ मध्ये दाखवून दिलं. त्या पायावर माणसांच्या कितीतरी रोगांचा उलगडा पुढे झाला. गुरांच्या रक्ताच्या थेंबाला इतकं मोल आहे.

लाल लघवी दिसली की बबेसिया, असंही ठरवून टाकू नका. व्यायल्यानंतर दोन-चार आठवड्यांत, ताप नसताना लघवी लाल झाली तर फॉस्फरस घसरलेलं असण्याची दाट शक्यता असते, म्हशींत तर विशेषच. तिथं बबेसियाचं औषध निरुपयोगी, फॉस्फरस हवं. लघवी काचेच्या नळीत घेऊन थोडा वेळ उभी ठेवा. तळाशी लाल साका बसला आणि वरचं पाणी निवळलं, तर मूत्रमार्गातून अख्खं रक्त येतंय. सगळी लघवी एकसारखी लालच राहिली, तर पेशी फुटून आतला रंग उतरलाय. एवढ्या साध्या नळीनं अर्धं निदान होतं.

पोटाकडे वळू. डाव्या कुशीत मूठ दाबून धरा. निरोगी जनावराचं कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा मुठीला वर ढकलतं. ते थांबलं असेल तर का थांबलं याचा शोध सुरू करा. पोटफुगी असेल तर तोंडातून नळी घाला. भसकन हवा सुटली आणि कूस बसली, तर साधी हवा होती, आता ढेकर का अडला ते बघा. नळी नीट आत जाऊनही हवा येत नसेल, टोकाला फेस लागत असेल, तर फेसाची पोटफुगी आहे, आणि तिथं तेल किंवा फेस मोडणारं औषध लागतं. फेसाच्या पोटात ट्रोकार, म्हणजे कूस भोसकायची टोकदार नळी, खुपसून फारसं काही बाहेर येत नाही. जनावर धापा टाकून कोसळायच्या बेतात असेल तर अर्थात विचार करत बसायचं नाही, कूस उघडून जीव वाचवायचा. धान्याच्या पोत्यात तोंड घालून आलेलं जनावर निराळं. त्याच्या पोटात आम्ल होतं, सामू (पीएच) ५ च्या आसपास किंवा खाली येतो, पोट हाताला पाण्यानं भरल्यासारखं डुचमळतं. त्याला भूक वाढवणारी पावडर देणं म्हणजे दिवस वाया घालवणं. त्याला आम्ल मारणारं औषध आणि शिरेतून द्रव हवा, आणि खाणं फार झालं असेल तर पोट उघडून रिकामं करावं लागतं.

गिळलेल्या तारेचं दुखणं ओळखायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली. गाय हळू खाते, पाठ कमानीसारखी वर काढते, पुढचे कोपर अंगापासून लांब धरते, उतारावरून उतरायला नको म्हणते. ताप बेताचा. प्रतिजैविकानं दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. वशिंडामागची कातडी चिमटीत धरून दाबा. निरोगी गाय पाठ खाली वाकवते, तार टोचत असलेली वाकवत नाही, कण्हते. वैरणीबरोबर गिळलेला तारेचा किंवा खिळ्याचा तुकडा जाळीपोटातून पुढे सरकत हृदयाच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. छातीखालच्या लोंबत्या कातडीत, पोळीत, पाणी उतरलं आणि गळ्याची शीर दोरासारखी फुगली की उशीर झालेला असतो. त्याआधी चुंबक पोटात सोडणं किंवा शस्त्रक्रिया यांचा उपयोग असतो. दोनदा तिकडी टोचून घेतलेली आणि दोनदा उलटलेली अशी गाय दिसली की तारेची शंका मनात येऊ द्या.

दोन गोष्टींत निदान म्हणजे तुमचा स्वतःचा जीव आहे.

पहिली रेबीज. मालक सांगतो, ‘घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही.’ आणि आपण बाही वर करून तोंडात हात घालतो. मी घातला आहे. त्या म्हशीचा आवाज बसून घोगरा झाला होता, ती सारखी कुंथत होती, मागचे पाय ओढत होती. हे सगळं मी बघितलं आणि तरी घशातली वस्तू शोधत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती मेली, मेंदूच्या तपासणीत रेबीज निघाला, आणि मी आणि मालकाच्या घरातले चौघे लसीच्या सुया घेत बसलो. लक्षणं दिसल्यावर या रोगाला उपचार नाही, जनावराला नाही आणि माणसालाही नाही. म्हणून कामाला लागण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या, आणि लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हातमोज्याशिवाय हात घालू नका. कुत्रं चावल्याचं मालकाला आठवत नाही, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

दुसरी काळपुळी, म्हणजे ॲन्थ्रॅक्स. काल संध्याकाळी धडधाकट असलेलं जनावर सकाळी मेलेलं, पोट फुगलेलं, नाकातोंडातून आणि गुदातून काळसर न गोठणारं रक्त. हे चित्र असेल तर ते जनावर फाडायचं नाही. मरणाचं कारण कितीही जाणून घ्यावंसं वाटलं तरी नाही. शरीर उघडलं आणि हवा लागली की जिवाणू बीजाणू धरतात, आणि ते मातीत दशकानुदशकं जिवंत राहतात. कानाच्या शिरेतून एक पट्टी पुरते. याच जिवाणूचं जीवनचक्र रॉबर्ट कॉखनं १८७६ मध्ये उलगडलं, आणि अमुक जंतूनं अमुक रोग होतो हे पहिल्यांदा नीट सिद्ध झालं. कातडं सोलायला, मांस वाटून घ्यायला लोक जमलेले असतात. त्यांना तिथंच थांबवायचं, प्रसंगी आवाज चढवायचा आणि अधिकाऱ्यांना कळवायचं.

वासरांच्या हगवणीवर मला राग येतो, तो सांगून टाकतो. वासरू हगवणीनं मरतं तेव्हा ते बहुधा पाण्यावाचून, क्षारांवाचून आणि रक्त आंबल्यानं मरतं. पहिल्या चार दिवसांत ई. कोलाय जिवाणू, त्यानंतरच्या दोन आठवड्यांत बहुतेक रोटा, कोरोना विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परोपजीवी. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. तरी हातात आधी तेच येतं आणि क्षारपाण्याचं नाव निघत नाही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत बसली नाही, डोळा खोबणीत खोल गेला, तर पाणी कमी पडलंय. चोखायची ओढ शाबूत असेल तर तोंडानं क्षारपाणी, ती गेली असेल आणि वासरू उभं राहत नसेल तर शिरेतून. दूध तोडायचं नाही, क्षारपाणी दोन दुधांच्या मध्ये द्यायचं. आणि मालकाला विचारा, जन्मल्यावर चीक किती वेळानं पाजला? वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला पाहिजे. चोवीस तासांनी आतड्याची दारं बंद होतात, मग कितीही पाजला तरी त्यातली रोगप्रतिकारक प्रथिनं रक्तात जात नाहीत. ‘वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही’ असं कुणी सांगत असेल तर तिथंच बसून समजवा. तेवढ्या बोलण्यानं त्या गोठ्यातली पुढची कितीतरी वासरं वाचतील.

वारेचं निघालंच म्हणून सांगतो, अडकलेली वार ओढू नका. गाय खातेय, ताप नाही, तर थांबा. ओढाताणीनं गर्भाशयाला जखमा होतात. आणि गाभडलेल्या गायीची वार किंवा गर्भ उघड्या हातानं कधीच धरू नका. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ पडला असेल तर ब्रुसेलोसिस हा गर्भ पाडणारा जिवाणूंचा रोग मनात धरूनच वागायचं. हा रोग माणसाला लागला की महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी पुरवतो.

प्रतिजैविकांचं बोलायचं तर कासदाहापासून सुरू करू, कारण दुभत्या जनावरांत ती सर्वांत जास्त तिथं वापरली जातात. उघड कासदाह कुणालाही दिसतो. छुपा दिसत नाही: दूध पांढरंशुभ्र, कास मऊ, फक्त दूध थोडं कमी. त्यासाठी कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट आहे. चार वाट्यांच्या पट्टीत चार सडांचं थोडं थोडं दूध, तितकंच द्रावण, गोल फिरवायचं, दूध जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडात दाह आहे. १९५७ पासून ही चाचणी वापरात आहे. शक्य तिथं उपचारापूर्वी सड पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणू मुरलेल्या जुन्या कासेत कितीही महागाचं औषध सोडलं तरी ती बरी होण्याची आशा थोडी असते, आणि हे मालकाला आधी सांगणं हा प्रामाणिकपणा आहे. औषध दिल्यावर दूध किती दिवस वेगळं काढायचं, मांसासाठी किती थांबायचं, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. ते मोठ्यानं वाचून दाखवा आणि लिहून द्या.

२०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत कोलिस्टिनला दाद न देणारे जिवाणू सापडले, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारू शकणाऱ्या जनुकासह. कोलिस्टिन हे माणसांच्या अतिदक्षता विभागातलं शेवटच्या फळीचं औषध आहे आणि ते पशुखाद्यातून वर्षानुवर्षं दिलं जात होतं. आपली बाटली गोठ्यापुरती नसते. वेदनाशामकाची गोष्ट तर याहून जिव्हारी लागणारी. भारतीय उपखंडात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० च्या दशकापासून ९९ टक्क्यांहून अधिक घटली, आणि २००४ मध्ये कारण सापडलं: गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या मूत्रपिंडांत गेलं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक तेच काम करतं आणि गिधाडांना मारत नाही.

शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात तर सगळ्यांना एकाच दिवशी जंतनाशक पाजण्याची सवय आहे. रक्त शोषणारा हिमोंकस जंत ज्यांच्या पोटात खूप आहे, त्यांच्या डोळ्याची आतली त्वचा पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. दक्षिण आफ्रिकेत यावरून डोळ्याच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता बनवला गेला. लालबुंद डोळ्याच्या शेळीला औषध द्यायचं नाही, फिकट डोळ्याच्या शेळीला द्यायचं. न मारलेले जंत कुरणात शिल्लक राहतात आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतांचं प्रमाण त्यांच्यामुळे कमी राहतं. आणि वजन अंदाजानं धरू नका. कमी मात्रा जंतांना औषध पचवायला शिकवते.

जिथं औषध नाही तिथं तसं सांगा. लाळ्या-खुरकुताला, लम्पीला, शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआरला विषाणू मारणारं औषध आपल्याकडे नाही. जखमा धुणं, मऊ चारा, पाणी, दुखणं कमी करणं, वरून चढणारा जिवाणूंचा संसर्ग रोखणं, एवढंच आपण करतो, आणि तेवढ्यानं खूप जनावरं तरतात. बाकी काम आजारी जनावर वेगळं बांधण्याचं, वेळेवर कळवण्याचं आणि लसीचं. बुळकांडी या गुरांच्या विषाणूच्या साथीनं शतकानुशतकं गोठेच्या गोठे रिकामे केले. तिच्याच धास्तीतून १७६१ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंला जगातली पहिली पशुवैद्यक शाळा निघाली. बुळकांडीवर औषध शेवटपर्यंत सापडलं नाही. वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यकानं केनियात तयार केलेली लस आणि शेवटच्या गुरापर्यंत जाऊन रोग ओळखणारी माणसं, यांच्या बळावर ती २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं.

राहता राहिला मालक. ‘अजून मला कळलेलं नाही, नमुना पाठवतो, उद्या पुन्हा येतो,’ हे वाक्य पहिल्यांदा बोलताना माझी जीभ अडखळली होती. समोरचा माणूस म्हणाला, ‘बरं, या.’ एवढंच. लोक आपल्याला वाटतं त्याहून समजूतदार असतात, फक्त त्यांना तपासणीत सामील करून घ्यावं लागतं. बोलताना तपासा. गाठ सापडली तर त्यांचा हात तिथं नेऊन ठेवा. कोठीपोटाचा ठोका त्यांच्या मुठीला जाणवू द्या. पुढच्या वेळी ते फोनवरच सांगतात की कूस हलत नाही किंवा सडातून कण्या येतायत, आणि तुमचं निदान वाटेतच सुरू होतं.

एका बाईंना मी साधा थर्मामीटर देऊन तापमान कसं बघायचं ते शिकवलं होतं. चार गायी होत्या त्यांच्या. वर्षभरानं एका रात्री बोलावणं आलं, गाय तापलीय. गेलो तर गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेले, चार गायींच्या चार ओळी, सकाळ-संध्याकाळचे. तीन ओळी १०१ च्या आसपास. चौथीत आदल्या सकाळी १०२.८, संध्याकाळी १०४.२, आणि त्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘खांद्यापुढे गाठ, डावीकडे.’ मी कानातून पट्टी घेतली, ब्युपारव्हाक्वोन त्याच रात्री दिलं. गाय वाचली. दुसऱ्या दिवशी पट्टीत थायलेरिया दिसला, तेव्हा आधी त्यांना फोन केला.

तुमच्याआधी याच वाटेनं चाललेला,
एक पशुवैद्यक